उत्क्रांती मान्य आहे, मग फ्लेमिंगो वाचवायचे कशासाठी?

सीवूड्सकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज, मला खरंच उत्तर हवंय.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाणथळींवरून वाद पेटलाय. भरती आली की ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि तिथले फ्लेमिंगो उडून नेरुळ-सीवूड्सकडच्या उथळ तळ्यांमधे येऊन बसतात, ओहोटी लागली की परत खाडीत, हे आपल्याकडे सगळ्यांनी बघितलंय. तर ती तळी राखावीत की तिथे बांधकाम होऊ द्यावं, असा वाद. मी अर्थातच राखावीत या बाजूचा. ग्रुपवर एक काका आहेत, भरपूर वाचलेला माणूस, देवधर्माच्या नादी न लागणारे, त्यांनी लिहिलं की पृथ्वीवर आजवर जेवढ्या प्रजाती झाल्या त्यातल्या ९९ टक्के संपल्यात, डायनोसॉर गेले म्हणून सस्तन प्राण्यांना जागा मिळाली आणि म्हणून आपण आहोत, ज्याला जुळवून घेता येतं तो राहतो, बाकीचे जातात, हीच उत्क्रांती, मग एकीकडे डार्विन मानायचा आणि दुसरीकडे हरणाऱ्या प्रजातीला जगवत बसायचं ही सरळसरळ विसंगती आहे. फ्लेमिंगोंना जमलं तर दुसरीकडे जातील, नाही जमलं तर तो निसर्गाचा निकाल.

यावर मला काही सुचलं नाही आणि तेच डोक्यात घोळतंय. कारण उत्क्रांती मला पूर्ण मान्य आहे. मुलगा दहावीला आहे, त्याच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा, तो आम्ही दोघांनी बसून वाचलाय. मी स्वतः कॉमर्सवाला, त्यामुळे धड्याच्या पलीकडचं फार माहीत नाही. तर या दोन गोष्टी खरंच एकमेकींच्या विरोधात जातात का? "किती सुंदर दिसतात ते गुलाबी थवे" हे मी ग्रुपवर लिहून झालंय, त्याने कोणाचं मत बदलत नाही. मुद्द्याचं सांगा.

प्राणिशास्त्र_मास्तर

सीवूड्सकर, मी ठाण्यात कॉलेजला शिकवत होतो तेव्हा हा प्रश्न कोणी ना कोणी विचारायचंच, आणि विचारणारी पोरं हुशार असायची, त्यामुळे काकांना उडवून लावू नका. ९९ टक्क्यांचं ते बरोबरच सांगतायत. घोटाळा त्याच्या पुढच्या वाक्यात आहे. काय घडतं आणि कसं घडतं, एवढंच उत्क्रांती सांगते. आपण काय करावं याबद्दल ती काही बोलतच नाही. २६ जुलै २००५ ला एवढा पाऊस का कोसळला ते हवामानशास्त्र सांगेल, म्हणून नाले साफ करू नका, अडकलेल्याला दोर टाकू नका असं हवामानशास्त्र म्हणतं का? डेव्हिड ह्यूम नावाच्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच दाखवलं होतं की 'असं आहे' यावरून 'असंच असावं' हे आपोआप निघत नाही, मधे कुठेतरी आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते घालावं लागतं. काकांनीही ते घातलंय. निसर्गात जे होतंय ते होऊ द्यावं, हे त्यांचं स्वतःचं मत आहे आणि ते असायला हरकत नाही, पण ते डार्विनच्या नावावर खपवू नये.

एवढ्यावर थांबलो तर ते म्हणतील नुसती तर्काची कसरत केली. म्हणून आकडे बघू. जीवाश्मांवरून एक ढोबळ अंदाज असा करतात की नेहमीच्या काळात दहा लाख प्रजातींमागे वर्षाला एखादी प्रजाती संपते, कोणी थोडा जास्त धरतं. जगात पक्ष्यांच्या साधारण ११,००० प्रजाती आहेत. इसवी सन १५०० पासून पाचशेच्या वर वर्षं झाली. गुणाकार करून बघा, नेहमीच्या वेगाने पाच-सहा पक्षी संपायला हवे होते. प्रत्यक्षात संपलेत दीडशेच्या वर. डोडो त्यातलाच, १५९८ ला डच खलाशी मॉरिशसला उतरले आणि शंभर वर्षं व्हायच्या आत पक्षी गायब. तेव्हा "प्रजाती जातच असतात" हे खरं असलं तरी या वेगाने जात नसतात.

आता जुळवून घेण्याचं. जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि तो वेळ पिढ्यांमधे मोजतात. आपल्या नवी मुंबईतले डास बघा. औषध मारलं की बहुतेक मरतात, मोजके वाचतात, दोनेक आठवड्यांत त्यांची पुढची पिढी उडायला लागते, काही वर्षांत अख्खी जमात त्या औषधाला दाद देईनाशी होते. ही अस्सल उत्क्रांती आहे, डोळ्यांदेखत चाललेली. आता गिधाड बघा. वयात यायला पाचेक वर्षं, त्यानंतर वर्षाला एक अंडं. १९९० च्या दशकात आपल्याकडे गुरांना डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक सर्रास द्यायला लागले, असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी. नेमकं कारण सापडेपर्यंत २००४ उजाडलं, २००६ ला भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी कमी झाली होती. हजारातलं एक उरलं. आणि सगळ्या गुरांत औषध होतं असंही नाही, शंभरातल्या जेमतेम एखाद्या मेलेल्या जनावरात असलं तरी एवढा ऱ्हास व्हायला पुरेसं होतं.

जो पक्षी लाखो वर्षं सडलेलं मांस पचवत आला, ज्याच्या पोटात भले भले जंतू टिकत नाहीत, तो काय 'नालायक' म्हणून गेला? त्याच्यासमोर अशी गोष्ट आली जी त्याच्या पूर्ण इतिहासात कधी आली नव्हती, आणि पंधरा वर्षांत म्हणजे त्याच्या दोन-तीन पिढ्यांत सगळं आटोपलं. निवड व्हायला मुळात वेगवेगळे प्रकार लागतात, त्यातले काही वाचावे लागतात, त्यांना पिल्लं व्हावी लागतात. इथे कशालाच सवड नव्हती. आणि गिधाडं गेल्यावर काय झालं तर मेलेली गुरं उघड्यावर सडत राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणी खराब झालं. २०२४ मधे दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात त्यामुळे पाच लाखांवर माणसं जास्तीची दगावली. काकांना हे जरूर पाठवा.

घणसोलीचा_अम्या

सर, आदर ठेवून असहमत आहे, म्हणजे गिधाडांबद्दल नाही, मूळ मुद्द्याबद्दल.

तुम्ही सगळे नकळत माणसाला निसर्गाच्या बाहेर काढताय. आपणही उत्क्रांतीतूनच आलो ना? मग आपण केलेला बदल कृत्रिम आणि बाकीच्यांनी केलेला नैसर्गिक, हे कसं? सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांनी हवेत ऑक्सिजन भरायला सुरुवात केली, तेव्हाच्या जीवांसाठी तो विषारी होता, त्यांना कोणी दोषी धरतं का? दुसरं, देवीचा विषाणू आपण ठरवून संपवला, १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं, जगभर आनंद झाला. म्हणजे आपण निवड करतो, आवडतं ते ठेवतो, नको ते घालवतो. तसं असेल तर तसं म्हणा, निसर्गाचा समतोल वगैरे कशाला मधे आणायचा.

आणि तिसरं, ज्या फ्लेमिंगोंवरून हे चाललंय ते मोठ्या संख्येने इथे यायला लागले तेच १९९० च्या दशकात. सांडपाण्यामुळे खाडीत शेवाळ माजलं हे त्याचं एक कारण सांगतात. आपल्याच घाणीवर आलेले पाहुणे, त्यांना निसर्गाचा ठेवा म्हणायचं?

प्राणिशास्त्र_मास्तर

अम्या, पहिले दोन मुद्दे तू नेमके पकडलेस आणि माझं त्यावर काही भांडण नाही. निवडच आहे ती. मी वर तेच म्हणतोय की उत्क्रांती आपल्यासाठी निवड करून देत नाही, ती आपल्याला करावी लागते. सायनोबॅक्टेरियांना आपण काय करतोय हे कळत नव्हतं आणि कळलं असतं तरी थांबता येत नव्हतं. आपल्याला कळतं आणि थांबताही येतं, डायक्लोफिनॅकच्या जागी मेलॉक्सिकॅम वापरता येतं हे कळल्यावर आपण कायदा बदलला की नाही. माणूस निसर्गाचाच भाग आहे हे मान्य केलं तरी जबाबदारी सुटत नाही, कारण जबाबदारी कळण्यातून येते, निसर्गाच्या आत की बाहेर यातून येत नाही. एरवी 'मीही निसर्गच' म्हणून कोणीही काहीही करेल.

देवीबद्दल म्हणशील तर ती निवड कारणं देऊन केली होती, विषाणू कोट्यवधी माणसं मारत होता. तळं बुजवताना कारण काय दिलं जातंय ते बघ आणि तुलना तूच कर.

दिवागाव_ऐरोली

मी ऐरोलीच्या दिवा गावचा, कोळी. तुमचं सगळं वाचलं. शास्त्र तुम्ही सांगा, मी खाडीचं सांगतो.

आमचा बापूस डोल लावायचा तेव्हा जिताडा, बोईट, कोलंबी, चिंबोऱ्या, सगळं याच खाडीत मिळायचं आणि घरचं खाऊन बाजारात जायचं. कारखान्यांचं पाणी, गटाराचं पाणी, भराव, सगळं खाडीतच आलं आणि म्हावरं कमी कमी होत गेलं. तेव्हा कोणाच्या ग्रुपवर वाद झाला नाय. फ्लेमिंगो आले, २०१५ ला अभयारण्य झालं, २०२२ ला रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीचा मान मिळाला, आता बोटीतून लोक फोटो काढायला येतात, चांगलंच आहे, पण फ्लेमिंगो ज्या चिखलावर जगतो त्याच चिखलावर आम्ही जगत होतो हे कोणी बोलत नाय म्हणून लिहितोय.

आता निवटीचं बघा. मासा आहे पण चिखलावर परांच्या जोरावर चालतो, ओल्या कातडीतून आणि तोंडातून हवा घेतो, ओहोटीला बिळात पाणी धरून ठेवतो. पाण्यातला जीव जमिनीवर कसा जगत असेल ते बघायचं असेल तर ओहोटीला खाडीवर या, पुस्तक लागत नाय. हे शिकायला त्याला किती पिढ्या लागल्या असतील? लाखो असतील. आता त्याच चिखलात तेल आणि केमिकल आलं तर तो चार-दोन वर्षांत कसा काय शिकणार? आणि काका बोलतात ना की ज्याला जमेल तो राहील, तर खाडीत काय राहतं ते मी बघितलंय. जे घाणीत टिकतं तेच राहतं. ते ना खाण्याच्या कामाचं ना विकण्याच्या. उत्क्रांती चालूच राहील हो, पण तिच्यातून जे उरेल त्यावर माझं घर चालणार नाय.

फ्लेमिंगो नव्वदनंतर आला म्हणून पाहुणा, हे अम्यादादाचं पटलं नाय. तिवरं आणि चिखल आधीपासून होता. पक्षी कधी आला ते सोडा, तो चिखल जिवंत आहे का ते विचारा.

पारसिकची_पोर

दादांनी सांगितलं त्याच्यापुढे माझं जरा कोरडं वाटेल पण मी जनुकशास्त्रात पीएचडी करतेय आणि हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे, म्हणून लिहितेय.

मला उलटंच वाटतं. उत्क्रांती मान्य नसेल तर संवर्धन धड करताच येत नाही. समजा कोणी म्हणालं की प्रत्येक प्रजाती जशी आहे तशी एकदाच तयार झाली आणि बदलत नाही, तर त्याला काय पुरेल? प्रत्येकीची एक जोडी पिंजऱ्यात ठेवली की झालं. पण आपल्याला माहितीये की प्रजाती म्हणजे एकमेकांपेक्षा थोड्या थोड्या वेगळ्या असलेल्या असंख्य प्राण्यांचा समूह, आणि तो वेगळेपणा हेच पुढच्या संकटासाठीचं भांडवल. म्हणून नुसती संख्या मोजून भागत नाही.

फ्लोरिडा पँथरचं उदाहरण आमच्याकडे सगळ्यांना शिकवतात. तिकडचा प्यूमा हो, १९९० च्या सुमाराला वीस-तीसच उरले होते, सगळे एकमेकांचे नातलग, शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांमधे वंध्यत्व. १९९५ ला टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांची पिल्लं जास्त धट्टीकट्टी निघाली, दोष कमी झाले, पुढे संख्या शंभरच्या वर गेली. आता याला उत्क्रांतीत ढवळाढवळ म्हणायचं का? त्या प्यूमांचा टेक्सासशी संबंध आपल्याच वस्तीने, रस्त्यांनी आणि शिकारीने तोडला होता, आधी ते एकमेकांत मिसळतच होते. तुटलेलं जोडलं, एवढंच. आपल्या येऊरच्या बिबट्यांबद्दल हाच मुद्दा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०३ चौरस किलोमीटरचं, पलीकडे तुंगारेश्वर आणि पुढे तानसा, मधे घोडबंदर रोड, रेल्वे, इमारती. ती वाट पूर्ण बंद झाली तर आतले बिबटे आतच राहतील आणि काही पिढ्यांनी त्यांची गत पँथरसारखी होऊ शकते. वाट मोकळी ठेवणं म्हणजे उत्क्रांतीला तिचं काम करू देणं आहे, कोणाचे लाड करणं नाही.

आणि 'जुळवून घेतील' याबद्दल एक. मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात यादवी युद्धात (१९७७ ते १९९२) हस्तिदंतासाठी नव्वद टक्क्यांहून जास्त हत्ती मारले. त्याआधी तिथे साधारण १८ टक्के हत्तिणी बिनदाताच्या असायच्या, युद्धानंतर ते प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं. काका म्हणतील बघा, घेतलं की जुळवून! पण २०२१ मधे जो अभ्यास आला त्यात असं निघालं की ज्या जनुकामुळे सुळे येत नाहीत ते नर गर्भाला बहुधा मारक ठरतं, म्हणजे अशा हत्तिणीचे निम्मे मुलगे जन्मालाच येत नाहीत. शिवाय सुळे नसले की साल सोलणं, खणणं नीट जमत नाही, आणि हत्ती खणतो-मोडतो त्यावर बाकी किती प्राणी अवलंबून असतात. तर निवड झाली, उत्क्रांती झाली, हत्ती वाचलेही, पण बंदुकीने जे निवडलं ते हत्तीच्या भल्याचं असेलच असं नाही. नैसर्गिक निवड पुढचं बघत नाही. आज जे मरत नाही ते उद्याला जातं, बस. तिच्या निकालाला शहाणपणाचा निकाल समजणं ही काकांची खरी गफलत आहे असं मला वाटतं.

वाशी_वाचनालय

एक छोटीशी भर. डार्विन विरुद्ध संवर्धन असं जे चाललंय त्यात खुद्द डार्विन कुठे होता? १८७४ मधे हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटावरची महाकाय कासवं संपत चालली होती, आजूबाजूच्या बेटांवरची खलाशांनी खाऊन आधीच संपवली होती. तेव्हा मॉरिशसच्या गव्हर्नरला एक निवेदन गेलं की ही वाचवा, आणि त्यावर सही करणाऱ्यांमधे चार्ल्स डार्विन होता. म्हणजे नैसर्गिक निवडीची मांडणी करून पंधरा वर्षं झाल्यावर. आज अल्डाब्रावर ती कासवं लाखाच्या आसपास आहेत.

आणि "बलवान तोच टिकतो" हे डार्विनच्या तोंडी घालतात ते वाक्य मुळात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाकडून आलेलं आहे, १८६४ चं. डार्विनने नंतर घेतलं खरं, पण त्याचा अर्थ बळाशी नव्हता, त्या त्या परिस्थितीत कोणाची पिल्लं जास्त जगतात एवढाच होता.

सीवूड्सकर

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि दिवागाव दादा, तुमचं मी ग्रुपवर जसंच्या तसं टाकू का? परवानगी असेल तरच.

अजून एक शंका उरलीये ती विचारतो. मान्य केलं की आपण संपवतोय ते थांबवावं. पण काही प्रजाती आपल्याशिवायही संपणारच असतील ना? त्या कशा ओळखायच्या आणि त्याही वाचवायच्या का? कारण पैसा, जमीन, माणसं, सगळं मोजकं आहे. नामिबियातून २०२२ ला कुनोमधे चित्ते आणले, इकडे माळढोक दीडशेच्या आसपासच उरलेत म्हणतात. उद्या काका विचारतील की सगळंच वाचवणार का तुम्ही, तर काय सांगू?

रानवाट_शहापूर

मी शहापूरला असतो, तानसाच्या जंगलात फिरणं होतं, म्हणून 'आपणहून संपणारी प्रजाती' याबद्दल एक गोष्ट सांगतो. रानपिंगळा. छोटं घुबड, फक्त आपल्या मध्य भारतात सापडणारं. १८८४ नंतर कोणाला दिसलंच नाही. १९१४ चा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, त्यावर लिहिलेल्या जागी लोक शोधत राहिले, नंतर कळलं की तो नमुनाच जुन्या संग्रहातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला होता. सगळ्यांनी गृहीत धरलं की गेला बिचारा, नसेल टिकला. आणि १९९७ ला तो शहाद्याजवळ जिवंत सापडला, ११३ वर्षांनी. मग सातपुड्यात, मेळघाटात दिसला, आणि २०१४ ला चक्क आपल्या तानसाला, मुंबईचं पिण्याचं पाणी जिथून येतं तिथे. कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तर निसर्गाने नापास केलंय असा शेरा मारण्याएवढी माहिती आपल्याकडे असते का, हा माझा प्रश्न आहे. साग तोडला, जुनी ढोलीची झाडं गेली, तर तो जाणारच, त्यात त्याचं काय चुकलं.

माळढोकचंही तेच. वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, उडताना समोरचं नीट दिसत नाही कारण डोळे बाजूला, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळतो. गवताळ माळावर हजारो पिढ्या समोर काही आडवं नव्हतंच. सोलापूरजवळच्या नान्नजला आमच्यातल्या जुन्या लोकांनी किती बघितलेत, आता तिथे एखादा दिसला तर बातमी होते. माझं मत विचाराल तर चित्त्यापेक्षा मी माळढोकवर आधी खर्च केला असता. चित्ता आफ्रिकेत आहे, माळढोक इथून गेला तर जगातूनच जवळजवळ गेला.

प्राणिशास्त्र_मास्तर

रानवाट यांच्या शेवटच्या वाक्यात निवड कशी करायची याचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं उत्क्रांती देते. वंशवृक्षावर कोण किती एकटा आहे ते बघायचं. सह्याद्रीत, केरळ-तमिळनाडूच्या बाजूला, एक जांभळा बेडूक आहे, २००३ ला त्याला नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस असं नाव मिळालं. वर्षभर जमिनीखाली, पावसाच्या सुरुवातीला काही दिवस अंडी घालायला वर येतो. त्याचे सगळ्यात जवळचे नातलग कुठे आहेत माहितीये? सेशेल्स बेटांवर. भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचे भाग होते त्या काळापासूनचा हा वंश आहे. तो बेडूक गेला तर एक प्रजाती जात नाही, कोट्यवधी वर्षांची अख्खी फांदी जाते, आणि ती परत फुटत नाही कारण उत्क्रांती त्याच वाटेने पुन्हा येत नसते. फ्लेमिंगोही तसे एकटेच, जगात फक्त सहा प्रजाती, आणि जनुकांवरून त्यांची सगळ्यात जवळची नातलग निघाली ती आपल्या तळ्यातली टिबुकली. हे सगळं उत्क्रांती मानल्यावरच कळतं.

आता सीवूड्सकर यांचा थेट प्रश्न. एखादी प्रजाती खरोखर माणसाचा काही संबंध नसताना, तिच्या नेहमीच्या गतीने संपत असेल, तर मी तिच्यासाठी आकाशपाताळ एक करणार नाही. अभ्यास करेन, नोंद ठेवेन. पण वरचं पक्ष्यांचं गणित आठवा, अशा प्रजाती पाचशे वर्षांत पाच-सहा. आज धोक्याच्या यादीत जे हजारो आहेत त्यातल्या बहुतेकांचा कारणांचा रकाना उघडून बघा, जंगलतोड, शिकार, भराव, विष, बाहेरून आणलेले प्राणी. त्यामुळे काकांची शंका तत्त्वतः बरोबर असली तरी प्रत्यक्षात ती फार क्वचित लागू होते.

'निसर्ग भरून काढेल' असंही कोणी म्हणेल. भरून काढतो, पण किती वेळात ते ऐका. पारसिकचा डोंगर, येऊरचा डोंगर ज्या काळ्या बेसाल्टचे आहेत त्या लाव्हाचे थर डायनोसॉर संपले त्याच सुमाराचे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या संहारानंतर जीवसृष्टीला पुन्हा तेवढी विविधता यायला काही दशलक्ष ते एक कोटी वर्षं लागली. आपली माणसांची जात मिळून तीनेक लाख वर्षांची. रिकाम्या जागा पुन्हा भरतील तेव्हा ते बघायला आपण नसू, आपली मुलंही नसतील.

दिवागाव_ऐरोली

सीवूड्सकर, टाका बिनधास्त. नाव टाकू नका फक्त. आणि एकदा ओहोटीला मुलाला घेऊन या, निवटी दाखवतो.

घणसोलीचा_अम्या

माणूस निसर्गाचाच भाग आहे यावर मी अजून ठाम आहे, पण हत्तींचं उदाहरण भारी आहे, ते मी विचारात घेतलं नव्हतं. पारसिकची_पोर, त्या अभ्यासात हत्तींची संख्या परत वाढल्यावर दातवाल्या हत्तिणींचं प्रमाण वाढतंय का?

पारसिकची_पोर

युद्धानंतर जन्मलेल्या हत्तिणींमधे बिनदाताच्यांचं प्रमाण साधारण ३३ टक्के निघालं, म्हणजे ५० वरून खाली आलंय पण पहिल्यासारखं नाही. हत्तीची पिढी लांब असते, वेळ लागणार.

सीवूड्सकर, ग्रुपवर टाकायच्या आधी एक गोष्ट तपासून घ्या, नाहीतर काका तिथेच धरतील. फ्लेमिंगो 'एन्डेंजर्ड' (नामशेष होण्याच्या धोक्यातले) नाहीयेत. लहान फ्लेमिंगो 'निअर थ्रेटन्ड' (धोक्याच्या जवळ) यादीत आहे आणि मोठा 'लीस्ट कन्सर्न' (फारशी काळजी नाही) मधे. त्यामुळे "फ्लेमिंगो नामशेष होतील" असं लिहू नका. असं लिहा की लहान फ्लेमिंगो लाखोंनी दिसत असला तरी तो पिल्लं घालतो मोजक्याच ठिकाणी, भारतात कच्छच्या रणात, आणि बाकीचं वर्ष आपल्या खाडीसारख्या मोजक्या चिखलांवर काढतो, म्हणून एकेक जागा गेली की लाखांचा आकडा धोक्यात यायला फार वेळ लागत नाही. अमेरिकेतलं पॅसेंजर पिजन अब्जावधींनी होतं, शेवटची मादी १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. आणि भरतीच्या वेळी पक्षी बसतात ती तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, हे ठळक करून टाका, ग्रुपवरच्या बऱ्याच जणांना वाटतं की खाडी संरक्षित झाली म्हणजे सगळंच झालं.